साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, तरी मार्चमध्ये विहीर कोरडी का?

आपण विचारले आहे की, संगमेश्वर तालुक्यातील आपल्या वाडीत वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जुलैमध्ये विहिरीचे पाणी ओंजळीने घेता येईल इतके वर येते, आणि तरीही मार्चच्या मध्यावर तीच आठ मीटर खोल विहीर तळ दाखवते. शंभर घरे, चारशे माणसे आणि मुंबईकर मंडळाने जमवलेला काही निधी हाताशी आहे. त्यातून दोन बोअरवेल माराव्यात, शेततळे करावे की सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, चर आणि शोषखड्डे खणावेत, यावर गावात एकमत होत नाही. देशावरची गावे चारशे-पाचशे मिलिमीटर पावसात टँकरमुक्त होतात, मग आपल्यालाच का जमू नये, हा सलही आपल्या प्रश्नात आहे. मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत सत्तावीस वर्षे भूजलाचे काम करते आहे आणि हा प्रश्न इतक्या वाड्यांमध्ये ऐकला आहे की, त्याचे उत्तर दोन ओळींत देणे मला योग्य वाटत नाही.

आधी गरजेचा हिशोब मांडू. ग्रामीण नळपाणी योजनांसाठी माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरले जाते. त्या हिशोबाने आपल्या वाडीला दिवसाला २२,००० लिटर पाणी लागते, आणि मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतच्या ७५ दिवसांसाठी साडेसोळा लाख लिटर. आता साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर वर्षाकाठी साडेतीन लाख लिटर पाणी. म्हणजे आपली संपूर्ण टंचाई भागवणारे पाणी पाच गुंठ्यांपेक्षाही कमी जागेवर पडते. घर, खळे आणि परसू मिळून इतकी जागा आपल्याकडे एकेका कुटुंबाची असते. हा आकडा मी ग्रामसभेत फळ्यावर लिहिते, तेव्हा लोक तो पुन्हा पुन्हा ताडून पाहतात. त्यात चूक नाही. फक्त तो पुरेपणाने समजून घेतला पाहिजे, कारण पाऊस वाढवणे किंवा अधिक पाऊस अडवणे ही आपली गरज नाही, हे त्यातून निघते.

आपल्या हवामानात वर्षाचे सरळ दोन तुकडे पडतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाऊस धरतो, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास निरोप घेतो, आणि वर्षाच्या पावसापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यानंतर पुढच्या मृगापर्यंत सुमारे २३५ दिवस जवळजवळ काहीच नाही. उष्ण कटिबंधातील हवामानाचे जे वर्गीकरण भूगोलात शिकवले जाते, ते कोपेन या शास्त्रज्ञाचे. त्यात एक गंमतीची नव्हे, तर घातक म्हणावी अशी गोष्ट आहे. ६० मिलिमीटरपेक्षा कमी पावसाचा महिना त्यात कोरडा धरतात, परंतु वर्षाचा एकूण पाऊस अडीच हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर कोरडे महिने अगदी शून्यावर आले तरी ते ठिकाण सॅव्हाना, म्हणजे लांब कोरड्या ऋतूच्या गटात न जाता मोसमी गटात बसते. वर्गीकरण म्हणून ते ठीक असेल. पण पाण्याचे नियोजन करणाऱ्याने वर्षाच्या बेरजेवर विसंबून ‘येथे भरपूर पाऊस आहे’ असे म्हटले की, २३५ कोरडे दिवस कागदावरून पुसले जातात. चेरापुंजीलाही हिवाळ्यात पाण्याची ओढाताण होते, ती याच कारणाने. म्हणून आपल्या वाडीच्या फलकावर पावसाच्या मिलिमीटरांऐवजी कोरड्या दिवसांची संख्या लिहावी, असे मी मनापासून सांगेन.

आता जमिनीकडे येऊ, कारण खरे उत्तर तिथे आहे. आपल्या वाडीच्या माथ्यावर जांभ्याचा सडा आहे असे आपण लिहिले आहे. जांभा हा दगड मुळात अशाच हवामानाने घडवलेला आहे: युगानुयुगे ओल आणि कोरड यांचा पाळीपाळीने मारा झाल्यामुळे मूळच्या काळ्या दगडातील सिलिका धुऊन गेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. म्हणूनच तो लाल, भोकाभोकांचा आणि हातातल्या हत्याराने चिरे, म्हणजे बांधकामाचे चौकोनी दगड, काढता येतील इतका मऊ असतो. पाणी त्यात भराभर शिरते. त्याच्याखाली बहुतेक ठिकाणी पांढरट-पिवळसर चिकण मातीचा थर असतो आणि त्याखाली काळा कातळ. जांभ्यातून उतरलेले पाणी या चिकण थरावर अडते, उताराच्या दिशेने सरकते आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडते, किंवा खालच्या वहाळात, म्हणजे ओढ्यात, झिरपून जाते.

या जांभ्यात पाणी मावते तरी किती? भूजलाच्या हिशोबात जांभ्याची उपयुक्त पाणीधारणा साधारण अडीच टक्के धरतात, म्हणजे शंभर घनमीटर दगडातून हाताला लागणारे पाणी अडीच घनमीटर. आपल्या विहिरीएवढा, म्हणजे आठ मीटर जाडीचा जांभा तळापासून माथ्यापर्यंत भरायला किती पाऊस लागतो, तर आठ मीटरांचे अडीच टक्के, म्हणजे २०० मिलिमीटर. एकट्या जूनमध्ये याच्या तिप्पट-चौपट पाऊस आपल्याकडे पडतो. पडलेले सगळेच पाणी मुरत नाही आणि मुरलेले सगळेच थांबत नाही हे धरूनही, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात जमीन तुडुंब होते आणि त्यानंतरचा अडीच हजार मिलिमीटर पाऊस भरलेल्या घागरीवर ओतलेल्या पाण्यासारखा वाहून जातो. घागरीला तळाशी भोक आहे, आणि ऑक्टोबरनंतर ती रिकामी होते ती त्या भोकातून.

देशावरची रीत आपल्याकडे जशीच्या तशी का चालत नाही, याचे उत्तर इथेच मिळते. हिवरे बाजार किंवा राळेगणसिद्धी येथे पाऊस थोडा आहे, जमीन तहानलेली आहे, आणि पडलेला थेंब पडेल तिथे जिरवला तर भूजलात सरळ भर पडते. त्या गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडला, पिकांवर बंधने घातली, आणि त्यांचे यश खरे आहे. आपल्याकडे मात्र जुलैमध्ये चर खणून पाणी जिरवू म्हटले, तर जिरवण्यासाठी जागाच उरलेली नसते. घागर भरण्याची चिंता आपण करण्याचे कारण नाही. भोक लहान कसे होईल, हे पाहिले पाहिजे.

चरांबाबत आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. वाडीच्या डोक्यावर तीव्र उतार असेल आणि दगडाखाली चिकण मातीचा थर असेल, तर त्या उतारावर सलग चर खणून पाणी मुरवणे धोक्याचे आहे. ओलसर चिकण थरावरून वरचा भार घसरू शकतो. २०२१ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली, ती अतिवृष्टीत. तिथे चर होते असे मी म्हणत नाही. परंतु आपले डोंगर पावसाळ्यात किती नाजूक अवस्थेत असतात, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. घरांच्या वरच्या उतारावर चर खणण्याचा ठराव असेल, तर भूवैज्ञानिकाने जागा पाहिल्याशिवाय कुदळ मारू नका.

बोअरवेलचे उत्तर ‘परिस्थितीवर अवलंबून’ असेच द्यावे लागेल. काळ्या कातळात पाणी सापडते ते भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यांमध्ये. भेग लागली तर वर्षानुवर्षे पाणी मिळते, न लागली तर दोनशे फूट खोल कोरडे भोक हाती येते. पुरेशी पाहणी करून एखादी बोअरवेल मारायला माझा विरोध नाही. मात्र झऱ्याच्या वरच्या अंगाला ती कधीही मारू नये. एका वाडीत मला बोलावले तेव्हा उशीर झाला होता: झऱ्यापासून जेमतेम साठ पावलांवर, वरच्या बाजूला, बोअर मारली होती आणि चिकण थराच्या खोलीपर्यंत केसिंग पाइप, म्हणजे भोकाच्या बाजू बंद करणारा नळ, नीट उतरवला नव्हता. ज्या थराने पिढ्यानपिढ्या पाणी वर तोलून धरले होते, त्यालाच छेद गेला. दुसऱ्या वर्षी झरा फेब्रुवारीत आटला, आणि बोअरलाही उन्हाळ्यात पाणी पुरले नाही. गेलेला झरा परत आणण्याचा उपाय माझ्याकडे नव्हता, आणि त्या वाडीतील म्हाताऱ्या बायकांसमोर ते कबूल करताना मला फार जड गेले.

शेततळ्याचा हिशोबही करून पाहा. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल आणि बाजूंना योग्य उतार दिलेले तळे घेतले, तर त्यात सुमारे वीस लाख लिटर पाणी मावते. कोरड्या दिवसांत बाष्पीभवनासाठी मी रोज सरासरी पाच मिलिमीटर धरते. मेअखेरपर्यंत त्याचे एक मीटरहून अधिक पाणी होते. तळे वरच्या अंगाला सर्वांत रुंद असल्यामुळे या एका मीटरातच साडेआठ लाख लिटर उडून जाते. उरलेले अकरा-साडेअकरा लाख लिटर उपयोगी आहे, पण ते पिण्यायोग्य करण्याचा खर्च वेगळा, आणि जांभ्यात अस्तराचा प्लास्टिक कागद न घालता खणलेले तळे तर दिवाळीपर्यंतही धीर धरत नाही. आंबा-काजूच्या नव्या कलमांना पाणी द्यायचे असेल तर अस्तराचे तळे जरूर करा. पिण्याच्या पाण्यासाठी मी त्याला पहिला क्रमांक देणार नाही.

मग काय करावे? माझ्या अनुभवात तीन गोष्टी खऱ्या उपयोगी पडल्या आहेत, आणि त्यातली पहिली इतकी साधी आहे की, निधी हाती आलेल्या मंडळांना ती फारशी रुचत नाही.

आपल्या पत्रात एक ओळ आहे: ‘वाडीच्या वर झरा आहे, पण उन्हाळ्यात तो बारीक वाहतो.’ या ‘बारीक’ शब्दाचा आकडा काढा. काही वर्षांपूर्वी लांजा तालुक्यातील एका वाडीत मी एप्रिलमध्ये पहाटे झऱ्यावर गेले होते. शेवाळलेल्या दगडातून पाण्याची करंगळीएवढी धार येत होती, तिच्याखाली बांबूची पन्हळ लावलेली होती, आणि रात्रीपासून लावलेल्या हंडे-कळशांची रांग पाखाडीच्या चौथ्या पायरीपर्यंत पोहोचली होती. मी पंधरा लिटरची बादली धारेखाली धरली आणि घड्याळ लावले. बादली भरायला सत्तर सेकंद लागले. रांगेतल्या बाई म्हणाल्या, “बघा ताई, एवढंच येतं.” पण सत्तर सेकंदांना पंधरा लिटर म्हणजे दिवसाला साडेअठरा हजार लिटर. ती वाडी आपल्या वाडीहून लहान होती. तिला तेवढे पाणी पुरून उरले असते. अडचण अशी होती की, दुपारी आणि मध्यरात्रीनंतर धारेखाली भांडे नसायचे आणि सगळे पाणी पऱ्यात, म्हणजे लहान ओहोळात, जायचे. आम्ही झऱ्याच्या तोंडाला हात न लावता, खालच्या अंगाला वीस हजार लिटरची झाकलेली टाकी बांधली, तिला दोन नळ काढले, आणि त्याच वर्षी टँकर बंद झाला. झरा मोठा झाला नव्हता. फक्त त्याचे रात्रीचे पाणी सकाळी मिळू लागले होते.

झऱ्याबाबत दोन पथ्ये पाळावीत. पाणी वाढेल या आशेने त्याचे तोंड खणून रुंद करू नये आणि सुरुंग तर मुळीच लावू नये. वाट मोकळी झाली की पाणी लवकर निघून जाते, आणि आपल्याला ते उशिरा निघायला हवे आहे. दुसरे म्हणजे, झऱ्याच्या वरच्या सड्यावर चिऱ्याच्या खाणीला परवानगी देताना गावाने फार विचार करावा. जो दगड ट्रकमधून जातो, तीच आपल्या पाण्याची टाकी असते.

दुसरी गोष्ट वहाळावरचे बंधारे. पाऊस संपल्यावर वहाळ वाहतो तो डोंगरात मुरलेल्या पाण्यावर, आणि वहाळाची पातळी जितकी खाली, तितके जमिनीतील पाणी त्याच्याकडे जोराने ओढले जाते. वहाळात बांध घालून पाणी मीटरभर फुगवले, तर ती ओढ कमी होते आणि शेजारच्या जमिनीतील पाणी जागेवर राहते. दहा हेक्टरांवर भूजलाची पातळी एक मीटर वर राहिली, तर अडीच टक्क्यांच्या हिशोबाने पंचवीस लाख लिटर पाणी जमिनीत टिकते. आपली गरज साडेसोळा लाखांची आहे. त्यातले काही पाझरून जाईलच, पण जे उरेल ते बाष्पीभवनापासून सुरक्षित असते आणि विहिरीत गाळूनच येते.

यासाठी मोठा काँक्रीटचा बंधारा लागतोच असे नाही. रिकाम्या गोण्या वाळू-मातीने भरून, तोंडे शिवून, विटांच्या बांधकामात जसे सांधे चुकवतात तशा रचलेला वनराई बंधारा, किंवा वहाळातलेच दगड लावून त्यांना प्लास्टिकचा कागद लपेटलेला विजय बंधारा, या कामाला पुरतो. जागा निवडताना विहिरीच्या किंचित खालच्या अंगाला अशी जागा पाहावी, की फुगलेले पाणी विहिरीच्या समोरपर्यंत मागे येईल. पात्रात उघड्या भेगांचा कातळ असेल तर ती जागा सोडावी. एकाच उंच बांधापेक्षा थोड्या थोड्या अंतरावर चार ठेंगणे बांध चांगले.

सगळ्यात महत्त्वाची आहे ती वेळ. सुरुवातीच्या वर्षांत मी एका वाडीला सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बंधारा घालायला लावला. पंधरा दिवस उघडीप होती, गणपतीला आलेले चाकरमानी मुद्दाम थांबले होते, आणि एवढे हात पुन्हा मिळणार नाहीत असे मला वाटले. हस्ताच्या पावसाने एका रात्रीत सहाशे गोण्या वाहून नेल्या. निर्णय माझा होता. गोण्या पुन्हा मिळाल्या असत्या, पण त्या वाडीतील लोक पुढची दोन वर्षे श्रमदानाला आले नाहीत, आणि त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. तेव्हापासून माझा नियम असा की, हस्त नक्षत्र संपू द्यावे, वहाळाचे पाणी निवळलेले पाहावे आणि मग दिवाळीच्या आत काम उरकावे. त्यापुढे ढकलले, तर प्रत्येक आठवड्याला पाणी हातचे जाते. जानेवारीत घातलेला बांध छायाचित्रात चांगला दिसतो, पण तोपर्यंत घागर अर्धी झालेली असते. मेअखेरीस गोण्या काढून घेणेही तितकेच आवश्यक आहे, नाहीतर पहिल्याच पुरात काठ फुटून कोणाचा तरी मळा खरवडून जातो.

तिसरी गोष्ट घरोघरची. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घर आगोट भरते: सुकी मासळी, सरपण, मीठ-मसाला, चार महिने बाहेर पडायची गरज नको अशी बेगमी. कोरड्या दिवसांसाठी पाण्याची अशी बेगमी आपण केली नाही. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी दहा लिटर धरले, तर ७५ दिवसांना ३,७५० लिटर लागतात. साठ चौरस मीटरांच्या कौलारू छपरावरून तेवढे पाणी मिळायला ऐंशी मिलिमीटर पाऊस पुरतो, म्हणजे आपल्याकडचा एक जोरकस दिवस. पाच हजार लिटरची बंद टाकी, पहिल्या पावसाचे धुवण बाजूला सोडण्याची सोय, तोंडाला गाळणी, आणि प्रकाश अजिबात आत न जाणारे झाकण एवढे असेल तर पाणी उन्हाळ्यापर्यंत चांगले राहते; पिण्यापूर्वी ते उकळून घ्यावे. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात आणि वाडीची संख्या दुप्पट होते, नेमकी तेव्हाच विहीर सर्वांत खाली असते. त्या दोन-तीन आठवड्यांत ही टाकी घराची लाज राखते.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर माझा क्रम असा असेल: आधी झऱ्याखाली टाकी, मग विहिरीजवळच्या वहाळावर ठेंगण्या बांधांची मालिका, त्याच्या जोडीने ज्यांना जमेल त्यांच्या घरी छपराच्या पाण्याची टाकी, आणि एवढे करूनही तूट राहिली तर पाहणी करून एक बोअरवेल. हा क्रम बदलूही शकतो. आपला वहाळ डिसेंबरपर्यंत वाहतच नसेल, तर बांधाचा फायदा फार थोडा होईल. विहीर सड्याच्या अगदी कडेवर असेल, तर तिचे पाणी वहाळाने फुगवता येणार नाही. विहिरीचा तळ चिकण थरापर्यंत पोहोचलेला नसेल, तर मे महिन्यात ती मीटर-दीड मीटर खोल करणे हाच सगळ्यांत स्वस्त उपाय ठरेल. हे मला इथे बसून सांगता येणार नाही, पण ते शोधून काढायला फार मोठे यंत्रही लागत नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत मोजते. जिल्ह्याचा अंदाज यायला ते पुरेसे आहे. एका वाडीला दर रविवारची नोंद हवी. दोरीला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी मारून दगड बांधा, काठावर एक खूण कोरा आणि शाळेतल्या मुलांकडे वही द्या. यंदाच्या गणपतीपासून नोंद सुरू केली, तर विहीर नेमक्या कोणत्या आठवड्यात झपाट्याने उतरू लागते ते कळेल, आणि पाणी वहाळाकडे जाते की उपशाने संपते, याचा बराचसा उलगडा त्या उतरणीवरूनच होईल.

निधी तोपर्यंत बँकेत राहू द्या. आपण मे महिन्यात गावी जाल तेव्हा पहाटे, कोणी पाणी भरायच्या आधी, झऱ्याखाली बादली धरा आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते तीन वेळा मोजा. विहिरीच्या तळाशी कोणत्या रंगाची माती आहे ते पाहा, वहाळ गेल्या वर्षी कोणत्या महिन्यापर्यंत वाहत होता ते जुन्या माणसांना विचारा, आणि ही तीन उत्तरे मला लिहून पाठवा. टाकी केवढी हवी आणि पहिला बांध कुठे घालावा, ते त्यावरून मी आपल्याला सांगू शकेन.